मी गोळी घेत होतो, विलास पथ्य करत होता

रक्तात चरबी वाढलेली निघाली आहे आणि गोळी सुरू करावी की खाण्यापिण्यावर निभावून न्यावं, या विचारात जे कोणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, आरोग्य सेवक आहे. आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या गावांतून मलेरियाचे रक्तनमुने घेणं, गोळ्या वाटणं, फवारणी करवून घेणं यात माझी नोकरी गेली. त्या गावांत मला सगळे डॉक्टरच म्हणतात. चामोर्शीजवळच्या आमच्या मूळ गावातही माझ्या धाकट्या भावाने, विलासने, तो शब्द पसरवला. मी कधी दुरुस्त केला नाही. मला तो आवडत होता.

शिबिराचा दिवस

त्या उन्हाळ्यात आलापल्लीला आरोग्य शिबिर होतं. रांग लावायचं काम माझ्याकडे होतं. विलास गावाहून आमच्यासाठी तांदळाचं पोतं घेऊन आला होता. रक्त तपासणीच्या टेबलासमोर माणसं येईनात, म्हणून मी त्याला म्हटलं, चल, आपण दोघं देऊ, आपल्याला पाहून बाकीचे येतील. तो म्हणाला, बरं झालं, अंगात रक्त उरलं आहे का ते तरी कळेल. तो काटक माणूस, धानाचा भारा एका झटक्यात डोक्यावर घेणारा. मी त्याच्याहून मोठा, पोट सुटलेला.

दोघांचे आकडे सारखेच वाईट निघाले. माझं मला नवल वाटलं नाही, त्याचं वाटलं. डॉक्टर बाई चंद्रपूरहून आलेल्या होत्या, वयाने लहान, पण बोलणं स्पष्ट. त्यांनी आम्हाला बाजूला बसवून विचारलं, तुमचे वडील कशाने गेले?

"पान लागलं होतं," विलास म्हणाला. साप चावला की आमच्याकडे असं म्हणतात.

बाबा बांधावर पाणी वळवताना पडले तेव्हा विलास फार लहान होता. त्याला तेवढंच सांगितलं गेलं होतं. मी मोठा होतो. शेवटी त्यांचे पाय मी धुतले होते आणि त्यांवर कुठेही दाताची खूण नव्हती. हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी बाबांचं वय विचारलं. मी सांगितलं, आणि सांगताना लक्षात आलं की मी त्या वयाच्या पुढे आलो आहे आणि विलास त्या वयाकडे चालला आहे.

बाईंनी दोघांना एकच गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "तुमच्या घरात ही चरबी वडिलांकडून आलेली दिसते. खाणं सुधारा, ते लागेलच. पण तेवढ्याने भागणार नाही. गोळी रोज घ्या आणि मला विचारल्याशिवाय बंद करू नका." कागदावर त्यांनी आपला फोन नंबर लिहिला. आम्ही दोघांनी माना हलवल्या.

बाहेर आल्यावर विलास गाडीच्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. "म्हणजे बाबाले साप नाई लागला," तो म्हणाला. "आईनं मले त्या बांधावरून कधी जाऊ देल्लं नाई. उगाच."

कोर्स

आमच्या भागात गोळी म्हणजे कोर्स. ताप आला, बोटातून रक्त काढलं, मलेरिया निघाला, ठरलेले दिवस गोळ्या घेतल्या, संपलं. हत्तीपायाची गोळी वर्षातून एकदा, आमच्यासमोर गिळायची, संपलं. मी सबंध नोकरीत लोकांना हेच सांगत आलो: मधेच सोडू नका, कोर्स पूर्ण करा आणि मोकळे व्हा. हे सांगून सांगून माझ्याही डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास दोघांनी पुन्हा रक्त तपासलं आणि आकडे नीट आले. त्याच दिवसांत माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या होत्या. चढावर सायकल मारल्यासारख्या, बसल्या जागी. विलासलाही थोडं तसंच होत होतं. मी त्याला फोन करून म्हटलं, आकडे आले, आपला कोर्स झाला, आता खाण्यावर ठेवू.

"बाईले विचारला का?" तो म्हणाला.

"त्यात का विचारायचं," मी म्हणालो.

पोटऱ्यांचं सांगितलं असतं तर बाईंनी गोळी बदलून दिली असती किंवा मात्रा कमी केली असती. आकडे गोळीमुळे खाली आले आहेत, ती काढली की ते पुन्हा वर चढतील, हेही त्यांनी सांगितलं असतं. एवढंसं काम होतं. मला वाटलं, इतकी वर्षं गोळ्या वाटल्या, मला काय विचारायचं आहे कोणाला.

विलासचं पथ्य

विलास कुठलीच गोष्ट अर्धी करत नाही. मी सांगितलं ते त्याने आज्ञेसारखं घेतलं. मटण बंद, अंड्याचा बलक बंद, वडे-भजे बंद. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल आमच्या आईच्या काळापासून घरात होतं, थंडीत तुपासारखं गोठणारं, ते त्याने शेजाऱ्यांना देऊन टाकलं. आमच्याकडे तिन्ही त्रिकाळ भात. त्याने रात्रीचा भात सोडून ज्वारीची भाकर सुरू केली. लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, पालेभाजी. त्याची बायको रेखा माझ्या बायकोला, शीलाला, सांगायची की घरात दोन चुली मांडायची वेळ आली आहे, पोरांना भाकर घशाखाली उतरत नाही.

रोज संध्याकाळी तो मला फोन करायचा आणि काय खाल्लं ते सांगायचा. मग मी काय खाल्लं ते विचारायचा. मी एखादा समोसा खाल्ला असेल तर चिडवायचा, डॉक्टरच असा तर पेशंटानं का करावं. मला त्या फोनची सवय झाली. आम्ही भाऊ इतकं रोज कधीच बोललो नव्हतो. आजाराने दिलेलं काही चांगलं असेल तर ते हेच होतं, आणि त्याचंच मी वाटोळं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात कामासाठी चंद्रपूरला गेलो होतो. पोटऱ्या दुखायच्या कधीच्या थांबल्या होत्या, जीव हलका होता. सहज म्हणून रक्त दिलं. आकडे पहिल्यापेक्षाही वर गेले होते. तिथल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रागावून दुसरी गोळी दिली. तिने माझ्या पायांना काही झालं नाही.

परतीच्या एसटीत मी वाक्य जुळवत होतो. विलास, चूक झाली. विलास, तूही उद्याच रक्त तपास. संध्याकाळी फोन त्याचाच आला. तो खुशीत होता. विहारातल्या बैठकीत त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की गोळीशिवाय चरबी कशी उतरवायची. "तुह्यं उदाहरण देल्लो," तो म्हणाला. "म्हटलं, माह्या भावानं सोता करून दाखवलं. लोक मले विचारून राह्यले, डॉक्टर गावात कधी येणार."

मी म्हणालो, वा.

दुसऱ्या दिवशी सांगू, असं मनात धरलं. दुसऱ्या दिवशी नाही सांगितलं. गोळ्यांची पट्टी मी गाडीच्या डिक्कीत ठेवायला लागलो आणि दुपारी उपकेंद्रात घ्यायला लागलो. शीलालाही सांगितलं नाही, कारण ती रेखाला सांगितल्याशिवाय राहिली नसती. एकदा मी विलासला म्हटलं, तू एकदा रक्त तपासून घे. त्याने विचारलं, तू केलं का? मी म्हटलं, हो. कसं आहे? मी म्हटलं, नीट आहे.

तेव्हा ते खरोखरच नीट होतं. गोळीने. इतकं खरं बोलून इतकं खोटं बोलता येतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. तो म्हणाला, तुह्यं नीट तर माह्यंही नीटच असन, आपलं रक्त एकच. आणि त्याने तपासलं नाही.

दिवाळीनंतर गावात मंडई भरली. आमच्याकडे मंडई म्हणजे रात्रीचं नाटक आणि घराघरात पाहुणे, आणि पाहुणे म्हणजे मटण. विलासने मोठं भांडं शिजवलं, सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि स्वतः माझ्या शेजारी बसून लाखोळीची डाळ आणि भाकर खाल्ली. आमचा एक मामेभाऊ म्हणाला, काऊन रे विलास, माळ घातली का? विलास म्हणाला, "माळ नाई घातली, भाऊ घातला गळ्यात." सगळे हसले. मीही हसलो. माझ्या ताटातही डाळच होती. पोटात दुपारची गोळी होती.

पुंजणं

धान कापून झाला होता. शेतातल्या बांधीत भाऱ्यांचं पुंजणं रचणं चाललं होतं. पुंजणं म्हणजे मळणीआधी भारे एकावर एक लावून केलेला ढीग. मी सुट्टीवर गावातच होतो. विलास वर उभा राहून भारे झेलत होता. रेखाने मला घरी फोन केला, म्हणाली, हे खाली बसले, छातीत भरून आलं म्हणतात, जबडा दुखतो म्हणतात, गॅस असेल का?

ती मला विचारत होती, कारण मी डॉक्टर होतो. मला उत्तर फोन वाजायच्या आधीपासून माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा तो धसकटांवर बसला होता, घामाने न्हालेला. मला पाहून म्हणाला, "भाऊ, मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी रस्सा चाखलो होतो. दोन घास. तुले सांगतलं नाई." त्याला वाटत होतं त्या दोन घासांनी हे झालं. मी त्याला बोलू नको म्हटलं. गाडीत घालून गडचिरोली, तिथे इंजेक्शन, तिथून एकशे आठने चंद्रपूर. वैनगंगेचा पूल, सावली, मग मूलचं जंगल. त्या जंगलातून मी शेकडो वेळा गेलो आहे, ते इतकं लांब कधीच नव्हतं. मी त्याचा हात धरला होता. नाडी बघतो आहे असं दाखवत होतो. खरं तर मला फक्त धरायचा होता.

चंद्रपूरचा दवाखाना

अँजिओप्लास्टी झाली. जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. डॉक्टरांनी रेखाला आणि मला बोलावून विचारलं, आधी चरबी वाढलेली होती का, गोळी चालू होती का?

रेखा म्हणाली, "गोळी बंद केली होती साहेब. पथ्यावर होते. यायच्या भावाचंही पथ्यावरच नीट राह्यते." आणि तिने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचल्या.

दुपार झाली होती. माझ्या खिशात पट्टी होती. त्या दवाखान्याच्या संडासात शिरून, कडी लावून, नळाच्या पाण्याबरोबर मी माझी गोळी घेतली. माझा भाऊ वरच्या मजल्यावर नळ्यांत गुंतून पडलेला होता. मी ती थुंकली नाही. मला जगायचं होतं. हे लिहिताना बाकी कशाहीपेक्षा या गोष्टीची जास्त लाज वाटते.

नंतर एकटा डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, गोळी चालू असती तर हे टळलं असतं का? ते प्रामाणिक माणूस होते. म्हणाले, खात्रीने कोणी सांगू शकत नाही, धोका मात्र बराच कमी असता. मला ते "खात्रीने नाही" हवं होतं म्हणूनच मी गेलो होतो. मिळालं. काही उपयोग झाला नाही.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या पायऱ्यांवर आमचे दिवस गेले. भेटायची वेळ ठरलेली, एका वेळी एकच माणूस. रेखा आत जायची, मी तिची चप्पल सांभाळायचो. सिरोंचाकडचे एक गृहस्थ होते, बायकोला घेऊन आलेले, तेलुगूशिवाय बोलता येत नव्हतं. ते रोज सकाळी दोन कप चहा आणून एक माझ्या हातात द्यायचे आणि शेजारी गप्प बसायचे. मला कोणी काही विचारत नाही, अशी दिवसातली तेवढीच जागा होती. एक दिवस ते दिसले नाहीत. त्यांच्या बायकोचं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. माझ्यात ताकद नव्हती.

पुन्हा तेच

घरी आल्यावर काही आठवड्यांनी रेखाचा फोन आला. आमच्याकडे भावसून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, कामापुरतंच बोलते. ती रडत होती. विलास बाकीच्या गोळ्या घेत होता, पण चरबीची गोळी बाजूला काढून ठेवत होता. तो म्हणत होता, हिनेच पोटऱ्या दुखतात, ती मला ओळखीची आहे. भावाने तिच्याशिवाय निभावलं, मी ते दोन घास खाल्ले नसते तर मीही निभावलं असतं. आता पथ्य आणखी कडक करतो.

मी त्याला समजावलं. डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. तो डॉक्टरांना हो म्हणाला आणि गोळी पुन्हा बाजूला ठेवली. मग मी अर्धं खरं बोललो. म्हटलं, तुझं पाहून मीही आता गोळी सुरू केली आहे. तो हसला. "माह्यामुळे भेला तू," तो म्हणाला. "काही भिऊ नको. तुह्यं पथ्य पक्कं आहे."

त्याच्या हृदयात आता पुन्हा असं काही सोसायची जागा नव्हती. हे मला डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर तो माझ्या शब्दावर मेला असता.

रविवारी सकाळी गावी गेलो. विलासला जड काम बंद होतं. तो अंगणात उन्हात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसला होता, दाणे परातीत टाकत. मी समोर बसलो आणि शेंगा घेतल्या. बरंच सोलून झाल्यावर म्हणालो, "विलास, माह्यं पथ्यावर नीट नव्हतं. मागच्या उन्हाळ्यापासून मी गोळी घेऊन राह्यलो. रोज. तुह्यापासून लपवून."

त्याने हातातली शेंग सोलली. मग दुसरी.

"विहारात मी बोललो, तवा?"

"त्याच दिवशी सुरू केली होती."

"मंडईले?"

"हो."

"मी रोज सांजी फोन करत होतो. रोज तू मले का खाल्ला ते सांगत होता."

"हो."

त्याने वर पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो काहीतरी मोजत असल्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "ते दोन घास मी तीन महिने मनात घोळवले, भाऊ. झोप नाई लागली मले." आणि रेखाला हाक मारून म्हणाला, भाऊला चहा दे, त्याला बस पकडायची आहे.

बसला दोन तास होते. मी चहा घेतला आणि निघालो.

त्यानंतर

तो माझ्याशी बोलत नाही. शीलाही बरेच दिवस बोलली नाही. घरात एवढं मोठं कोणी लपवू शकतं, हे तिला पचलं नाही. विहारात जाऊन मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत. दोघांनी मागाहून विचारलं, मग आम्हीही बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायची का? मी त्यांना माझं मत दिलं नाही. दवाखान्यात घेऊन गेलो.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. पथ्य वाईट नाही. विलासचं पथ्य माझ्या पथ्यापेक्षा दसपट चांगलं होतं. पण काही घरांत ही चरबी ताटातून येत नाही, बापाकडून येते, आणि तिला भाकरीने हटवता येत नाही. तुमचं घर कोणतं, हे शेजारी सांगू शकत नाही, भाऊ सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. विचारा. पाय दुखले तर सांगा, दुसरी गोळी असते. आणि गोळी घेत असाल तर घेतो म्हणा. तुमच्या तोंडाकडे पाहून कोण जगतं आहे, ते तुम्हाला माहीत नसतं.

गेल्या महिन्यात विलासची तपासणी होती. रेखाने भाड्याची गाडी घेऊन या म्हटलं, म्हणून मी गेलो. विलास मागे बसला. सावलीपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला, मूल आलं तरी तसाच. दवाखान्यात मी त्यांच्या मागे उभा राहिलो. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. चरबी चांगली उतरली होती. ते म्हणाले, आकडे छान आहेत. गोळी रोज घेता ना? खरं सांगा.

"रोज घेतो साहेब," विलास म्हणाला. "आमच्या घरी खोटं बोलणारा एकच आहे. तो मी नोहे."

डॉक्टर हसले, त्यांना ती थट्टा वाटली. रेखाने पदर तोंडाला लावला. त्या रविवारनंतर विलास माझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. मी पुढे होऊन औषधांची चिठ्ठी घेतली. त्याने ती मला घेऊ दिली.